मंजुळाबाईची सुटका

देवपूर, धुळे
२४ जून १९५४

इथे येऊन आठवडा झाला. नगरच्या दवाखान्यात नर्स असताना रोज संध्याकाळी रोग्यांची टिपणं लिहायची सवय होती, ती हाताला अजून सुटत नाही. रोगी नाहीत तर सांभाळायला आले आहे त्या पोरांविषयी लिहीन. वाचणारं कोणी नाही, हे एक बरं.

घर चर्चच्या मागे आहे. कौलारू, दोन खोल्या, पुढे पडवी, मागे निंबाचं झाड आणि एक शेळी. पाळकसाहेब दर रविवारी नदीपलीकडे जेलमध्ये प्रवचनाला जात. प्रवचन संपलं की बायका प्रश्न विचारत, पण ते प्रवचनाचे नसत. आमची पोरं कुठे आहेत, कोणी पाहिली का, काय खातात, एवढंच. त्यातून चर्चच्या मंडळीने अशा पोरांसाठी हे घर काढलं. मंडळीतल्या बायका पीठ मळायच्या आधी एक मूठ बाजूला ठेवतात आणि रविवारी आणून देतात. त्या मुठींवर घर चालतं, हे ऐकून मला नवल वाटलं. अजून वाटतं.

नियम जीवरामभाऊंनी केलेला आहे. ते मंडळीतले वडीलधारे, निवृत्त मास्तर. आई किंवा बाप तुरुंगात आहे तोवरच मूल इथे राहील. सुटका होईल त्या दिवशी आईबापांच्या हाती परत. आणि पोरांपुढे धर्माचा विषय काढायचा नाही. लोकांची पोरं ओढून घेतात असं कोणी म्हणता कामा नये, असं ते म्हणाले. मला नियम पटला.

इथली भाषा अर्धीच कळते. ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. पोरं मला अक्का म्हणतात.

३० जून

आज पोलिसाने दोन मुलं आणून सोडली. कुंदा अकरा-बारा वर्षांची, तिचा भाऊ वना सहाचा. आई मंजुळाबाई, सोनगीरजवळच्या खेड्यातली. आग्रा रस्त्यावर दारूच्या डब्यासह सापडली, दारूबंदीच्या कायद्याखाली सहा महिने झाले. ही तिची दुसरी खेप. पहिल्या खेपेला, गेल्या हिवाळ्यात, पोरं इथेच होती, त्यामुळे कुंदाला माझ्यापेक्षा घर जास्त माहीत. आल्या आल्या तिने मला दाखवलं की कोणत्या मडक्याला गळती आहे.

मला एका गोष्टीचं आश्चर्य वाटलं. दोघांचे केस तेल लावून विंचरलेले, नखं कापलेली, कपडे फाटके पण धुतलेले. कुंदाच्या काखेत फडक्यात बांधलेली पाटी. पोलीस अचानक धाड घालतात म्हणतात, मग एवढी तयारी कशी? बाई स्वभावानेच टापटिपीची असावी. दारू गाळते तेवढी वाईट सवय.

११ जुलै

कुंदाला नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत घातलं. तिच्या गावची शाळा चौथीपर्यंत, पुढे काही नाही. काल तिने विचारलं, नर्स व्हायला किती शिकावं लागतं? मी सांगितलं. मग विचारलं, रक्ताची भीती वाटत असेल तर? मी म्हटलं, मलाही वाटायची. ती बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत होती.

आज भाकरी करताना मी सहज विचारलं, तुझी आई दारू कधीपासून गाळते?

ती म्हणाली, “मनी माय दारू नही गाळस.”

मग पोलिसांनी का धरलं, असं विचारल्यावर झाडू घेऊन अंगणात गेली. आईची लाज झाकते बिचारी. मी पुन्हा विचारणार नाही, असं ठरवलं. पण मला विचारायची खोड आहे, किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

२५ जुलै

मुलांचा काका आला होता. रुपचंद नाव. स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा, बोलणं गोड. भावाने, म्हणजे मुलांच्या बापाने, सुरतेला गिरणीत जातो म्हणून घर सोडलं ते चार वर्षं पत्ता नाही. तेव्हापासून आपणच त्याच्या घराकडे पाहतो, असं त्यांनी सांगितलं. केळ्यांची फणी आणली होती. कुंदा कधी सुटेल, असं विचारलं. मी हसून म्हटलं, कुंदा नव्हे, तिची आई सुटायची आहे. तेही हसले. पाचोऱ्याला पोरीची चांगली सोय लावून ठेवली आहे म्हणाले.

पाचोऱ्याला एखादं मुलींचं वसतिगृह असावं. चौकशी करायला हवी. काका इतका काळजी करणारा, हे या पोरांचं भाग्य.

वनाने दोन केळी खाल्ली. कुंदाने आपलं केळं शेळीला घातलं. मी रागावले, तर मान खाली घालून उभी राहिली.

१ ऑगस्ट

आज मुलांना घेऊन पाळकसाहेबांबरोबर जेलमध्ये गेले. मंजुळाबाई प्रथमच पाहिली. काळीसावळी, उंच, तिशीची असेल. मला वाटलं होतं रडारड होईल. वना जाऊन बिलगला, तिने त्याचे पाय पालथे करून तळवे पाहिले, काटा वगैरे आहे का. कुंदाला जवळ घेतलं नाही. समोर उभं केलं आणि तेराचा पाढा म्हणायला लावला. स्वतःला येत नाही, तरी गवयापुढे बसल्यासारखी लक्ष देऊन ऐकत होती, आणि कुंदा एकदा चुकली तिथेच तिने बोट वर केलं.

रुपचंदभाऊ येऊन गेले, केळी आणली, असं मी कौतुकाने सांगितलं. तिने फक्त विचारलं, पोरीला बाहेर नेलं का? मी म्हटलं, नाही, तसा नियमच नाही. तिने मान हलवली.

निघताना म्हणाली, “अक्का, मोठी परीक्षा कव्हय शे?”

मी एप्रिल म्हणाले. ती बोटांवर काहीतरी मोजू लागली आणि तिचा चेहरा उतरला. काय मोजलं असेल?

१९ सप्टेंबर

बाजारात भटू हवालदार भेटला. सोनगीरकडे मंजुळाबाईला त्यानेच पकडलं. माणूस गप्पिष्ट. म्हणाला, अक्का, इतकी खुळी बाई मी नोकरीत पाहिली नाही. लोक ओढ्याने, कपाशीतून डबे नेतात. ही भर दुपारी आमच्या चौकीसमोर, झाडाखाली, डबा पुढ्यात ठेवून बसली होती. मी पहिल्यांदा नुसता पुढे गेलो, तर हिने हाक मारून पाण्याचं विचारलं. डब्यातही निम्म्याहून जास्त पाणीच होतं.

मलाही हसू आलं. आता मात्र कुतूहल वाटतं. पाढा ऐकताना चूक कुठे झाली ते न शिकता ओळखणारी बाई अशी खुळी कशी?

१७ ऑक्टोबर

उपासनेनंतर मंडळीच्या पंचांची बैठक. जीवरामभाऊंनी विचारलं, त्याच त्याच घरची पोरं परत का येतात? आपण पोरं सांभाळतो म्हणून आईबाप निर्धास्त होऊन दारू गाळतात, असं तर नाही? पीठ देणाऱ्या बायकाही गरीबच आहेत. पाळकसाहेब म्हणाले, पोरांनी काय केलं? जीवरामभाऊ म्हणाले, पोरांनी काहीच केलं नाही, म्हणून तर विचारतो.

मला त्यांचा राग आला.

१८ डिसेंबर

माफीचे दिवस वजा होऊन मंजुळाबाई आज सुटली आणि सरळ इथे आली. वना आनंदाने नाचत होता. कुंदा शाळेतून आली, आईला पडवीत बसलेली पाहिली आणि दाराला धरून रडू लागली. आई सुटली म्हणून रडणारी मुलगी मी प्रथम पाहिली. आनंदाचं रडू असं नसतं, एवढं मला दवाखान्यात कळलेलं आहे.

मंजुळाबाईने विचारलं, परीक्षेपर्यंत पोरीला इथे राहू दे, मी तुमचं आंगण झाडीन, पाणी भरीन. मी पाळकसाहेबांकडे गेले. ते फार अवघडले. महिन्यापूर्वीच गावात कोणी बोललं होतं की चर्चवाले पोरी ठेवून घेतात. रुपचंदभाऊंनीही आठवण करून दिली होती की सुटकेच्या दिवशी मुलं घरी आली पाहिजेत. साहेब म्हणाले, इंदिराबाई, एकदा नियम मोडला तर उद्या घरच बंद पडेल.

मी येऊन तिला सांगितलं. तिने वाद घातला नाही. फक्त विचारलं, “माय जेलमा व्हई तव्हयच पोरे आठे ऱ्हातस?”

मी हो म्हटलं, आई जेलमध्ये असेल तेव्हाच.

“बरं,” ती म्हणाली.

नाताळसाठी शिवलेले नवे कपडे मी मुलांना आजच घातले. तिघं पुलावरून जाताना दिसेपर्यंत पाहत होते. किती समजूतदार बाई. दुसरी असती तर मला शिव्या देऊन गेली असती.

२ जानेवारी १९५५

नाताळ झाला. घरात चार मुलं आहेत, तरी रिकामं वाटतं. शाळेच्या बाईंनी विचारलं, कुंदा येत का नाही? पाचोऱ्याला चौकशी केली. मुलींचं वसतिगृह तिथे नाही. मग रुपचंदभाऊंनी सोय लावली ती कसली?

१२ जानेवारी

भटू हवालदार आज स्वतः मुलं घेऊन आला. हसत नव्हता. काल सोनगीरच्या बाजारात, सगळ्यांच्या देखत, मंजुळाबाई डबा घेऊन त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. तिसरी खेप, आता वर्षाच्या खाली शिक्षा नाही, पुण्याच्या जेलला पाठवतील, असं म्हणाला. बाजारात साक्षीदारांसमोर धरल्यावर मला सोडता येत नाही अक्का, असंही म्हणाला.

मुलांचे केस विंचरलेले. तेल लावलेलं. नखं कापलेली. कुंदाच्या काखेत पाटी.

मी वहीतलं ३० जूनचं पान काढून पाहिलं. सहा महिने माझ्या डोळ्यांसमोर होतं.

१६ जानेवारी

आज जेलमध्ये एकटीच गेले. मंजुळाबाईला म्हटलं, तू मुद्दाम स्वतःला धरवून घेतेस. तिने नाही म्हटलं नाही.

पहिल्या खेपेला तिने खरंच दुसऱ्याचा डबा मजुरीवर नेला होता. तेव्हा पोरं इथे राहिली, कुंदा शाळेत गेली. सुटून आल्यावर कळलं की रुपचंदने कुंदाचं पाचोऱ्याच्या एका कापसाच्या दलालाशी ठरवलं आहे. बायको मेलेला, चाळिशीचा माणूस. त्याच्याकडून रुपचंदने बैलजोडी घेतलीसुद्धा. मी ‘सोय’ म्हणून लिहून ठेवलं ते हे. गावात कोणाला सांगायचं? सगळे म्हणतात, बापाविना पोर, काका करतो ते बरंच. जूनमध्ये लग्न काढलं, ही चौकीसमोर जाऊन बसली. आता माघात काढलं.

ती म्हणाली, “बाहेर माले कोन इचारस, अक्का? मी जेलमा शे तं पोरले तुमी देखतस. तठे रुपचंदना हात पोचत नही.”

मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंस?

“तुमी तेनी केळी लिधी व्हती,” ती म्हणाली. रागाने नाही. घेतली होतीच मी.

परत येताना पुलावर एकच आठवत होतं. डिसेंबरात मी तिला नियम समजावून सांगितला होता, आणि तिने तो नीट समजून घेतला होता.

२३ जानेवारी

पंचांना सगळं सांगितलं. माझा आवाज चढला असेल, पाळकसाहेबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. नियम बदला, असं मी म्हणाले. जीवरामभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, म्हणजे आपल्या घरापायी एक निरपराध बाई तुरुंगात जाते. नियम बदलला तर उद्या प्रत्येक अडलेली बाई दारात येईल, आणि मूठ तर तेवढीच आहे. आणि काका पोलिसांत गेला तर पोर पळवली म्हणेल.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच मी जास्त चिडले. काही ठरलं नाही.

६ फेब्रुवारी

न्यायाधीशांना खरं सांगू का, असं मंजुळाबाईला विचारलं. तिने माझा हात धरला आणि नको म्हणाली. मला सोडलं तर पोर जाईल. एका बाईला तुरुंगात जायला मदत करायची की सुटायला, हेच मला कळेनासं झालं आहे. प्रार्थनेला बसते, पण मागायचं काय ते ठरत नाही.

कुंदा मात्र अभ्यास करते. राहिलेले धडे तिने पंधरा दिवसांत भरून काढले. वनाला इथे करमत नाही, आईच्या नावाने हुंदके देतो. एकाच आईची दोन मुलं. तिचं तुरुंगात असणं एकाला नको आणि दुसरीला हवं.

३ मार्च

आज कोर्ट. पाळकसाहेब आणि मी गेलो. जीवरामभाऊ न बोलावता आले, छत्री घेऊन मागच्या बाकावर बसले. रुपचंद पुढे होता, बरोबर गावचे दोघे.

मुंबईहून डब्याचा तपासणी अहवाल आला होता. कारकुनाने वाचला. दारूचा अंशही नाही. पाणी, त्यात थोडा गूळ आणि भिजलेली मोहाची फुलं. या खेपेला तिला कोणी उधारीवर दारू दिलीच नव्हती. तिने भट्टीवरचा टाकलेला डबा घेतला, विहिरीवर भरला आणि वास येतो म्हणून दारू समजतील असं धरून चालली.

न्यायाधीशांनी विचारलं, बाई, पाणी घेऊन पोलिसापुढे का गेलीस? ती म्हणाली, “साहेब, ती दारूच शे.” कोर्टात हशा पिकला. तिने पुन्हा सांगितलं, दारूच आहे, मला शिक्षा द्या. साहेबांनी हसू दाबलं आणि तिला निर्दोष सोडलं.

ती पिंजऱ्यात खाली बसून रडू लागली. 

बाहेर आलो तर रुपचंद वाट अडवून उभा. पाळकसाहेबांना नमस्कार करून म्हणाला, बाई सुटली, आता पोरं आज माझ्या हाती द्या, तुमचाच नियम आहे. गावचे दोघे मान डोलवत होते. लोक जमले. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. 

तेवढ्यात मागून छत्री टेकत जीवरामभाऊ आले. मास्तर वर्गात विचारतात तशा आवाजात त्यांनी विचारलं, “तुम्ही मुलांचे कोण?”

“चुलता.”

“नियम मी लिहिला आहे. त्यात आईबाप आहेत. चुलता कुठेच नाही.”

मग ते मंजुळाबाईकडे वळले आणि म्हणाले, बाई, मुलं तुमच्या हाती. ती कुठे राहावीत ते तुम्ही या चारचौघांपुढे सांगा.

तिने पदराने तोंड पुसलं. रुपचंदकडे पाहिलं, गावच्या दोघांकडे पाहिलं. “पोरे मना शेतस,” ती म्हणाली. “पोर आठेच शिकी. वना मनाजोडे ऱ्हाई. कोनले काय करनं ते करा.”

रुपचंद बैलजोडीबद्दल काही बोलू लागला. गावच्या दोघांतला म्हातारा आबा म्हणाला, बैलजोडी कसली रे? हे त्याला ठाऊक नव्हतं. रुपचंद गडबडला, आणि मग गावचे दोघे त्याला सोडून आपसांत बोलत पुढे निघाले. तो मागून गेला.

परतताना मी जीवरामभाऊंना विचारलं, तुमचं मत कधी बदललं? ते म्हणाले, बदललं नाही. उद्या दहा बाया आल्या तर काय करायचं ते मला अजून माहीत नाही, तुम्हाला आहे का? मी नाही म्हटलं.

६ मार्च

पंचांनी कुंदाला परीक्षेपर्यंत ठेवायला होकार दिला. पुढचं पुढे. मंजुळाबाईला इथल्याच एका जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायचं काम मिळालं, नदीकाठी एका झोपडीत ती आणि वना राहतात. हंगाम संपला की ते कामही संपेल. रुपचंद गप्प बसेल असं मला वाटत नाही. मंजुळाबाईलाही वाटत नाही.

१० मार्च

जिनला आज सुट्टी होती. मंजुळाबाई दुपारी आली आणि लाजत म्हणाली, शाळा कुठे आहे ते दाखवता का?

माझ्या तेव्हा लक्षात आलं की तिने शाळा कधी पाहिलीच नव्हती. कुंदा शाळेत असे तेव्हा ती नेहमी तुरुंगात असे.

आम्ही गेलो. वर्ग चालू होता म्हणून बाहेर खिडकीशी उभ्या राहिलो. बाईंनी कुंदाला फळ्यावर बोलावलं होतं. ती आमच्याकडे पाठ करून खानदेशातल्या नद्या लिहीत होती. मंजुळाबाईने खिडकीचा गज धरला.

“काय लिखस ती?”

मी वाचून दाखवलं. तापी. गिरणा. बोरी. पांझरा.

“हाई बठ्ठं कुंदानी लिखं?”

हो म्हटलं. सगळं तिनेच. मग म्हटलं, आत जाऊन बसा, बाई काही म्हणणार नाहीत. तिने मान हलवली आणि बोट ओठांवर ठेवलं, मी गप्प राहावं म्हणून. घंटा होईपर्यंत आम्ही दोघी उन्हात तशाच उभ्या होतो.